रिगर नावाचा माणूस

"तिथं असा मानूसच नाई! त्या साऱ्या मैदानात रिगर म्हनून एक मानूस नाई, अन् हे म्हनते आमचं पोट्टं रिगर हाय!"

नवरीच्या मामानं आमच्या अंगणात उभं राहून ही आरोळी ठोकली तेव्हा मी मळ्यातल्या विहिरीवर आंघोळ करत होतो. मळा घरापासून दोन हाकांवर. तरी मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. साखरखेर्ड्याच्या बाजाराला निघालेल्या गाड्या वाटेत उभ्या राहिल्या, बैलांनी माना वळवल्या, आणि आमची म्हैस त्या दिवशी जी दुधाला आटली ती आटलीच. हे कुणाला वाढवून सांगितल्यासारखं वाटत असेल तर त्यानं त्या मामाचा आवाज ऐकलेला नाही. तो बाजारात मापारी होता. सारी जिंदगी ज्वारीच्या राशीशेजारी बसून पायल्या मोजलेल्या. भोवती कितीही गलका असो, मोजलेला आकडा शेवटच्या गाडीवानाच्या कानी गेला पाहिजे, हा त्याचा धंदा.

ओल्या धोतरानं पळत घरी आलो. अंगणात मांडवाचे बांबू पडलेले, खड्डे अर्धे खणून झालेले, आणि मधोमध मामा. माझा बाप "बसा पाव्हने, आधी पानी घ्या" असं पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि मामा तांब्याकडं पाठ करून उभा होता. आमच्याकडं सोयरा दारात येऊन पाणी नाकारतो तेव्हा त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. सोयरीक मोडल्यातच जमा असते. अर्धं गाव गोळा झालं होतं. उरलेलं अर्धं येऊन राह्यलं होतं.

आता ही भानगड काय, ते सांगतो.

लढाई सुरू झाली आणि मी वखराचा दांडा सोडून हवाई फौजेत भरती झालो. तिथं मला रिगर केलं. विमानाचं इंजिन सोडलं तर बाकी जे काही अंग उरतं, पंख, शेपूट, चाकं, ताणलेल्या तारा, वरचं कापड, ते सगळं जागच्या जागी ठेवणारा तो रिगर. पहिल्या रजेवर घरी आलो तेव्हा बापाला हा शब्द शिकवायला मला जेवढा घाम गाळावा लागला तेवढा विमानाच्या शेपटीखाली कधी गाळला नव्हता. पण एकदा शिकला आणि मग त्यानं तो सोडला नाही. चावडीवर रिगर, न्हाव्याकडं रिगर, बाजारात मिरच्यांचा भाव करताना मधेच रिगर. बियाणं पेरावं तसा त्यानं तो शब्द मेहकर तालुकाभर पेरला. त्याच शब्दावर माझी सोयरीक जमली. दुसरबीडच्या अलीकडच्या गावची मुलगी, घरचं भलं शेत, कुंकू लागलं, आणि लग्न पुढच्या रजेत करायचं ठरलं.

मुलगी मला पसंत होती म्हणणं फार थोडं होईल. आम्ही पाहायला गेलो त्या दिवशी त्यांच्या गोठ्यातला एक मारका गोऱ्हा दावं तोडून अंगणात शिरला. पाहुणे ओसरीवर चढले. सगळ्यात आधी मी चढलो, हवाई फौजेचा जवान. ती आतून आली, पदर खोचला, गोऱ्ह्याची वेसण धरून त्याला शेळीसारखा परत नेऊन बांधला आणि जाता जाता आम्हा ओसरीवरच्या मंडळींकडं एकदाच पाहिलं. त्या पाहण्यात जे होतं ते खाऊन मी पुढचे कितीतरी महिने जगलो. फौजेच्या भाकरीवर कुणी जगत नाही.

तर कुंकू लागलं, मी परत गेलो, आणि एका सकाळी आम्हाला रांगेत उभं करून सांगण्यात आलं की आजपासून रिगर नावाचं काही राहिलेलं नाही. आदल्या रात्री रिगर म्हणून झोपलेले आम्ही सकाळी 'फ्लाइट मेकॅनिक एअरफ्रेम' म्हणून उठलो होतो. एवढं लांब कोण म्हणणार, म्हणून त्याचं लगेच 'एफ.एम.ए.' झालं. हात तेच, पाना तोच, नखातलं तेल तेच, पगारही तोच. नुसता शब्द बदलला. मी शेजारच्याला विचारलं, अरे पण काऊन? तो म्हणाला, वरून आलं.

सगळं वरूनच यायचं. पाऊस तरी वर्षातून एकदा येतो, शब्द दर पंधरवड्याला येत. विमानाच्या नाकावर फिरतो तो पंखा आम्हाला 'एअरस्क्रू' म्हणून घोकवला होता. त्यासाठी एकाच्या कानशिलात बसलेली मी पाहिली, कारण तो त्याला पंखा म्हणाला. मग अमेरिकेचे लोक आले आणि काही दिवसांतच एअरस्क्रू म्हणणाऱ्याकडं लोक आदिमानवाकडं बघावं तसे बघू लागले. आता म्हणे प्रॉपेलर. पंख्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो फिरत होता.

दोन-तीन अक्षरांचे शब्द तर गोचिडांसारखे. बिघडलेल्या वस्तूवर 'यू.एस.' अशी चिठ्ठी लावायची. म्हणजे ही काम देत नाही. एका वात्रटानं ती चिठ्ठी आमच्या आचाऱ्याच्या पाठीला लावली. आचारी चिठ्ठीसकट भांडारात मीठ आणायला गेला. भांडारवाल्यानं चिठ्ठी वाचली, आचाऱ्याला मोडीत जमा केला आणि नव्या आचाऱ्याची मागणी वर धाडली. जुना आचारी त्यानंतर बरेच महिने आमचा स्वयंपाक करत होता, पण सरकारच्या दृष्टीनं तो नव्हता. डाळीची चव पाहता सरकारचंच खरं असावं.

आणि अक्षरं तरी जागेवर होती का? बिनतारी यंत्रावर बोलताना अक्षरं घोळू नयेत म्हणून प्रत्येकाला एक नाव दिलेलं असे. ए म्हणजे 'ॲक', बी म्हणजे 'बिअर'. एक दिवस तीही बदलली. ॲकचं 'एबल' झालं आणि बिअरचं 'बेकर'. त्या वेळी एक वैमानिक वर आकाशात होता. तो बिचारा वरून 'बिअर, बिअर' ओरडतोय आणि खालचे म्हणतात, आमच्याकडं बिअर नाही. तो ढगात घिरट्या घालत राहिला. शेवटी उतरला तेव्हा टाकीत इतकं कमी पेट्रोल उरलं होतं की त्यावर चिमणीही पेटली नसती. मी स्वतः टाकीत डोकावून पाहिलं.

हे सगळं मी सोसलं असतं. शब्द त्यांचे, विमान त्यांचं, लढाई त्यांची. पण या शब्दांची ठेच नेमकी माझ्या लग्नाला लागावी?

कारण मामाला राहवलं नाही. पोरीला परक्या धंद्याच्या माणसाला द्यायची तर डोळ्यानं पाहून यावं म्हणून तो भाकरी बांधून मलकापूरला आगगाडीत बसला आणि नागपूरच्याही पलीकडं आमच्या ठाण्यावर जाऊन फाटकाशी उभा राहिला. मी नेमका रजेवर निघालेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्यानं माझं नाव सांगितलं. पहारेकरी म्हणाला, अशा नावाचे इथं पुष्कळ असतील, धंदा सांग. मामा म्हणाला, रिगर. पहारेकरी म्हणाला, इथं रिगर नाहीत. मामा म्हणाला, एकही? पहारेकरी म्हणाला, एकही नाही. आणि पहारेकरी खरं बोलत होता हो! हीच तर चीड आहे.

तर अंगणात मी मामाला समजवायला लागलो. म्हटलं, मामा, रिगर म्हणजेच आता एफ.एम.ए., नाव बदललं, माणूस तोच. मामानं डोळे बारीक केले.

"नाव बदललं? काऊन बदललं? कोन बदलते नाव? जो पयून जाते थो बदलते."

घोळक्यातून हुंकार उठला. एका म्हाताऱ्यानं विचारलं की, बरं, नाव राहू दे, तू करतोस तरी काय? मी सांगितलं, पंखातली लाकडं नीट बसवतो. म्हातारा म्हणाला, म्हणजे सुतार. मी म्हटलं, वरचं कापड फाटलं तर शिवतो. दुसरा म्हणाला, मग शिंपी. मी म्हटलं, त्या कापडावर रोगण चढवतो म्हणजे ते ढोलासारखं ताणून बसतं. तिसरा म्हणाला, रंगारी झाला. चौथा म्हणाला, ढोल मढवते म्हनून राह्यला थो. मी पत्र्याला खिळे ठोकतो हे सांगायच्या आत माझा बाप माझ्या पायावर पाय देऊन उभा राहिला. एवढ्यातच गावानं मला चार घरं फिरवून आणलं होतं. आमच्याकडं कामाचं नाव म्हणजे माणसाच्या घराचं नाव. सुताराचं पोर सुतार, त्याचा आजा सुतार, त्याची करवत मोडली तरी सुतार. ज्याच्या कामाचं नाव रातोरात बदलतं त्याच्या घराण्यात काहीतरी झाकलेलं आहे, हे कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. मला तर उलटं पटवून द्यायचं होतं, आणि माझ्याजवळ होती फक्त तीन इंग्रजी अक्षरं.

मग मला एक हुशारी सुचली. मी म्हटलं, मामा, तुम्ही पायली मोजता तेव्हा पहिल्या पायलीला एक म्हणता का? लाभ म्हणता. मग तुमच्या धंद्यात एकाचं नाव लाभ असू शकतं, तर माझ्या धंद्यात रिगरचं नाव एफ.एम.ए. का असू नये?

लोक हसले. मला वाटलं जिंकलो. मामा हसला नाही.

"लाभ माह्या बापानं म्हटलं, त्याच्या बापानं म्हटलं," तो म्हणाला. "पुढच्या पंधरवड्यात मी त्याले दुसरं काई म्हटलं, तर माह्या मापाची ज्वारी तू घेशीन काय?"

नंतर कितीतरी मोठ्या लोकांना मी हाच प्रश्न माझा म्हणून विचारत आलो.

मामाचा खरा डाव वेगळा होता. त्याच्या मनात चिखलीच्या एका कारकुनाचा पोरगा भरला होता, तोही कारकूनच. कारकून म्हणजे कसा, नागपूरचं सरकार राहो की जावो, कारकून हा कारकूनच. माझी रजा संपत आलेली. पुढची रजा मिळायच्या आत मला ब्रह्मदेशाच्या जंगलात नेऊन टाकलं तर? तोवर मुलगी चिखलीला गेलेली. गोऱ्हा बांधून तिनं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर एका कारकुनाला मिळणार, या विचारानं माझ्या डोक्यात इंजिन सुरू झालं, आणि ते इंजिन माझ्या कामात मोडत नव्हतं.

म्हणून मीच साक्षीदार काढला. माझ्याच ठाण्यावरचा एक गडी, आमच्याच बाजूचा, निजामाच्या मोगलाईच्या शिवेवरच्या खेड्यातला. माझ्यामागून तोही रजेवर निघणार होता. म्हटलं, तो दुसरबीडला मोटारीतून उतरला की त्याला विचारा. मामानं मान डोलावली, पण अट घातली: आम्ही दोघांनी आधी भेटायचं नाही. शिवेचा तंटा सोडवतात तसा हा सोडवायचा. दोन गावांत बांधाचा वाद लागला म्हणजे दोन म्हाताऱ्यांना वेगवेगळं विचारतात, दगड कुठं पुरला होता म्हणून. दोघांचं बोट एकाच जागी पडलं तर शीव तिथं. मी मोठ्या खुशीत कबूल झालो. एकाच मैदानावर, एकाच ताटात जेवणारे आम्ही दोघं. आमची बोटं वेगळ्या जागी पडतील कशी?

ठरल्या दिवशी मुलीच्या गावी महादेवाच्या देवळात मंडळी बसली. मुलीचा बाप या तंट्यात पहिल्यांदाच आला होता. शांत माणूस, बोलणं विकत घेतल्यासारखं जपून वापरायचा. पहिली पाळी माझी. बेल आणि भंडारा हातात घेऊन शपथ. मामानं तीन प्रश्न ठेवले होते: तुझं काम काय, तुझी जागा कोणती, तू ज्याची निगा राखतोस त्या वस्तूचा पुढचा फिरता भाग कोणता. तिसरा प्रश्न त्याला चिखलीच्या त्या कारकुनानं शिकवून पाठवला असणार, मी आजही पैजेवर सांगतो. मी बेल उचलला आणि छाती काढून सांगितलं: काम एफ.एम.ए., जागा एरोड्रोम, पुढं फिरतो तो एअरस्क्रू. तेव्हा मला वाटलं, पंख्याला तरी शपथेवर अधिकृत जुनाच शब्द बरा, तो पक्का.

मग मला गाभाऱ्यात पिंडीशेजारी बसवलं आणि मधे घोंगडं धरलं. बाहेरचं दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

माझा मित्र मोटारीतून उतरून थेट तिथं आलेला. भुवयांवर धूळ, हातात लोखंडी पेटी. माणूस असा सरळ की स्वतःच्या बापाचं वय सांगताना महिने सांगायचा. त्याला बेलभंडारा दिला आणि माझं काम विचारलं. मी गाभाऱ्यात मनातल्या मनात म्हणतोय, बोल बाबा, तीन अक्षरं.

"आधी थो एफ.एम.ए. होता," मित्र म्हणाला, "पन थो रजेवर निंघाला त्याच दिवशी कागद आला. आता थो फिटर टू ए."

देवळात कुणीतरी खोकलं. मामानं मापाच्या आवाजात विचारलं, जागा कोणती?

"एरोड्रोम म्हनत होते. आता एअरफील्ड म्हना म्हन्ते."

पुढं फिरते काय?

"प्रॉपेलर."

मी पिंडीवर डोकं टेकलं. भक्तीनं नव्हे. एकच माणूस, एकच मैदान, एकच पंखा, आणि शपथेवर तिन्ही उत्तरं वेगळी. शिवेच्या तंट्यात एका म्हाताऱ्यानं बोट पूर्वेला दाखवलं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या तालुक्यात. आता मी नुसता लबाड राहिलो नव्हतो, बेल उचलून खोटं बोललेला माणूस झालो होतो. आणि घोंगड्याआड बसून मला ओरडूनही सांगता येत नव्हतं की लेको, आम्ही दोघंही खरं बोललो आहोत.

मित्राला मात्र आपण मोठी मदत केली असं वाटत होतं. तो अजून तपशील पुरवत होता. मामानं सहज विचारलं की, तू स्वतः काय करतोस?

"मी आर.डी.एफ.वर होतो. आता त्याले रडार म्हन्ते."

ते काय असते?

"थे सांगता येत नाई. गुप्त हाय."

मामानं मांडीवर थाप मारली ती आवाजावरून मला कळली. हा पहा, म्हणाला, ह्याचंही नाव बदललं आणि ह्याला तर ते सांगताच येत नाही. दोघं एकाच टोळीतले. माझा बाप काहीतरी बोलायला उठला, त्याच्या तोंडून सवयीनं 'रिगर' निघालं, आणि लोक इतके हसले की देवळाची घंटा आपोआप वाजली. मग मी घोंगडं बाजूला सारून बाहेर आलो. काय काय बोललो ते नीट आठवत नाही. इंग्रज, अमेरिका, कागद काढणारे, वरून येणारं सगळं, यांना मी वऱ्हाडीत जे जे देता येतं ते ते दिलं, आणि वऱ्हाडीत पुष्कळ देता येतं. म्हटलं, आठ तास आकाशात राहून विमान सुखरूप परत येतं ते काय त्या तीन अक्षरांवर? माझ्या हातांवर येतं. हात बघा. मी हात पुढं केले. लोकांनी हात पाहिले. कुणीतरी म्हणालं, हात तर कास्तकाराचे हायेत.

मुलीचा बाप तेव्हा पहिल्यांदा बोलला. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. माझ्या बापाला विचारलं:

"पाव्हने, वखर धरता येते याले?"

बाप म्हणाला, हाव, लहानपणापासून.

"पेरनी?"

येते.

"शेत याच्या वाट्याले येईन?"

येईल, बाप म्हणाला.

"मंग आपन सांगू पोरगा कास्तकार हाय," मुलीचा बाप म्हणाला. "सुट्टीत विमानं पाह्यते. मामा, हे तर बदलत नाई ना?"

मामानं पाणी मागितलं. मापाऱ्याला कास्तकाराविरुद्ध बोलता येत नाही, ज्वारी त्याचीच मोजायची असते. लोकांनी माना डोलावल्या. माझा मित्र म्हणाला, हे बरोबर हाय, आणि त्याच्या पाठीत एक घालावा असं मला मनापासून वाटलं. माझं लग्न वाचलं. मी मात्र बुडालो. इतकी वर्षं उन्हात भाजून, शिव्या खाऊन, तीन तीन वेळा नवं नाव पाठ करून जे झालो होतो ते सगळं त्या शांत माणसानं एका वाक्यात वखरून टाकलं, आणि लोक म्हणे, तोडगा काढला!

लग्न झालं. मांडवात भटजींनी वराची माहिती सांगायला मामालाच उभं केलं, आवाज त्याच्यासारखा दुसऱ्या कुणाचा नाही. त्यानं पंचक्रोशीला ऐकू जाईल अशा सुरात माझं कुळ, गाव आणि 'धंदा शेती' असं जाहीर केलं. मुंडावळ्यांच्या आडून मी तोंड उघडलं. बापानं पुन्हा पायावर पाय दिला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझ्या डोक्यावर अक्षता पडत असताना मी ओठांतल्या ओठांत फिटर टू ए, फिटर टू ए म्हणत होतो. शेजारच्या काकूंना वाटलं मी गायत्री म्हणतोय. त्यांनी नंतर माझ्या सुसंस्कृतपणाचं कौतुक केलं.

परत जायला थोडा वेळ उरलेला. एका सकाळी ती ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. मला राहवलं नाही. जग काहीही म्हणो, निदान या एका माणसाला तरी माहीत असलं पाहिजे की आपण कुणाच्या घरी आलो आहोत. मी खडूचा तुकडा घेतला आणि ओसरीवर विमान काढलं. पंख दाखवले, शेपूट दाखवलं, तारा कशा ताणतात ते दाखवलं. रिगर म्हणजे काय, त्याचं एफ.एम.ए. का झालं, त्याचं फिटर टू ए का झालं, एअरस्क्रू, प्रॉपेलर, ॲक, एबल, बिअर, बेकर, सगळं सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज चढत गेला. आचाऱ्याची गोष्ट सांगितली तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं, ती खडे वेचत राहिली. वैमानिकाच्या टाकीत मी या खेपेला पेट्रोलचा थेंबही ठेवला नाही, तरी तिनं सूप हलवणं थांबवलं नाही. शेवटी मी घामाघूम होऊन खाली बसलो आणि विचारलं, समजलं का, मी काय काम करतो ते?

तिनं सूप बाजूला ठेवलं. ओसरीवरचं विमान नाकापासून शेपटीपर्यंत नीट पाहिलं.

"समजलं," ती म्हणाली. "पन आमच्या गावात कोनाले सांगू नोका."